शिडाची बोट घेतलीत? पहिली फेरी अष्टमीला काढा

माझी बोट २४ फुटी, जे/२४ जातीची. ऑक्टोबर ते मे ती मुंबईत गेटवेजवळ बोयाला, म्हणजे तळाशी साखळीने धरलेल्या तरंगत्या गोळ्याला, बांधलेली असते. इथे मरीना नाही, त्यामुळे धक्क्यावरून थेट बोटीत पाय ठेवता येत नाही. छोट्या होडीतून वल्हवत जायचं, पाणी-पेट्रोल-शिडांच्या पिशव्या चढवायच्या आणि संध्याकाळी सगळं परत उतरवायचं. बोट घ्यायच्या आधी एप्रिलच्या एखाद्या दुपारी, वारा सुटलेला असताना, कुणाच्या तरी बोटीवर हे करून बघा. त्यातही आनंद वाटला तरच पुढचं वाचा.

पहिली बोट जुनीच घ्या, पण पाण्यात तरंगणारी बोट बघून सौदा करू नका. ती वर काढायला लावा. कणा, म्हणजे बोटीखालचा वजनदार पाता, जिथे तळाला जोडलेला असतो तिथे गंजाचे ओघळ आहेत का बघा. मग डेकवर अनवाणी चाला. जे/२४ च्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं, आणि एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की ते कुजतं. तळपायाला डेक कुठे दबल्यासारखा लागला की तिथे थांबा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. चांगला डेक खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. एवढ्यावरून मी पहिली बोट नाकारली होती आणि त्याचं मला आजही समाधान आहे.

खर्चाचं सरळ सांगते. दरवर्षी बोटीच्या किमतीचा दहावा हिस्सा तरी बाजूला ठेवावा लागतो. आमच्या कोमट पाण्यात तळाला बार्नेकल, म्हणजे चिकटून बसणारे कवचाचे जीव, फार लवकर धरतात, म्हणून अँटिफाउलिंग रंग, गंज रोखणारे झिंकचे तुकडे, बोयाची साखळी, पावसाळ्यात बोट वर काढून ठेवणं हे टाळता येत नाही. आम्ही तिघांत मिळून बोट घेतली. भागीदार निवडताना पैशांपेक्षा, कोण खरवडायला येईल ते बघा. नोंदणीची कागदपत्रं आणि विमा बोट पाण्यात उतरण्याआधी पूर्ण हवेत. समुद्रात तपासणी होते आणि झालीच पाहिजे.

महिन्यातून एकदा करायचं एक काम मला जिवापाड महत्त्वाचं वाटतं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा असतात. कापसाचा बोळा घ्या, तारेभोवती चिमटीत धरा आणि खालून वर हळूहळू न्या. कुठे एक पेड जरी तुटलेला असेल तरी कापसाचा धागा तिथे अडकतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला टोचतं, कापूस मात्र हमखास सांगतो. तार जिथे खालच्या टोकाच्या धातूच्या नळीत शिरते तिथे जास्त वेळ द्या, कारण खारं पाणी तिथे साचून राहतं. धागा अडकला की तार बदला. दुरुस्ती नाही.

आता पाण्याबद्दल. मी शिकायला लागले तेव्हा ससून डॉकचे एक तांडेल मामा मला म्हणायचे, “बाय, पयलं पानी बग, मंग वारा.” त्यांनी शिकवलेला हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. यात पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी छापील तक्ता बघायचाच. पण कॅलेंडरवर नुसती तिथी दिसली तरी दिवस कसा जाणार ते कळतं, ही फार मोठी गोष्ट आहे.

म्हणून माझा सल्ला: गेटवे ते मांडवा ही पहिली फेरी डिसेंबर किंवा जानेवारीतल्या अष्टमीला काढा. अंतर साधारण ८ सागरी मैल. पहाटे सहाच्या आसपास भरती पूर्ण होते, सातला निघालात की ओहोटी तुम्हाला बाहेर नेते. त्याच वेळी जमिनीवरून मतलई वारा येत असतो, तो बाजूने मिळतो आणि बोट सुखाने पळते. बाराच्या सुमारास ओहोटी संपते. एकनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा धरतो आणि भरतीचं पाणी बंदरात शिरू लागतं. परतताना वारा जवळजवळ नाकावर असतो, नागमोडी यावं लागतं, ८ मैलांचे १२ होतात. पण पाणी तुमच्या बाजूने असतं. शिवाय अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे ओढही मवाळ. हाच प्रवास पौर्णिमेला केलात तर दुपारी जोराची ओहोटी बाहेर आणि वारा आत, अशी टक्कर बंदराच्या तोंडाशी होते. लाटा उंच नसतात, पण जवळजवळ आणि उभ्या येतात. २४ फुटी बोट त्यात आपटत राहते आणि माणसं थकतात.

वाटेत मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडावा लागतो. शिडाच्या बोटीला वाट मिळते हा नियम तिथे विसरा. अरुंद मार्गात २० मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाला अडथळा करायचा नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कंटेनर जहाज लांबून संथ वाटतं. त्याची दिशा तुमच्या बोटीवरून बघत राहा. बदलत नसेल आणि ते मोठं होत असेल तर लगेच वळा, तेही त्याला स्पष्ट दिसेल इतकं. मार्ग काटकोनात ओलांडा. नौदलाच्या जहाजांपासून आणि जवाहर द्वीपाच्या तेल धक्क्यापासून लांबच राहा.

जाळ्यांचं मात्र नीट ऐका. दुसऱ्याच वर्षी थळच्या पुढे, वारा पडला म्हणून मी इंजिन चालू केलं आणि दोन झेंड्यांच्या मधून गेले. जाळ्याचा दोर पंख्यात गुंडाळला. इंजिन ताबडतोब बंद केलं, वर उचललं, आणि पाऊण तास वाकून एकेक वेढा सोडवला. चाकू हातात होता, पण तो चालवला नाही. ते जाळं म्हणजे कुणाच्या तरी घरचा महिना असतो. झेंडे किंवा डबे ओळीत दिसले तर सगळ्या ओळीला वळसा घाला. जवळ होडी असेल तर हात वर करा. कुठून जायचं ते कोळी लोक हातानेच दाखवतात, आणि ते कधी चुकत नाहीत.

मांडव्याला जेटीच्या गर्दीपासून लांब नांगर टाका. दोराचा हिशेब भरतीचा करायचा. समजा नांगर टाकताना ३ मीटर पाणी आहे, भरतीला अजून २ मीटर वाढणार, आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर उंच. झाले ६. त्याच्या पाचपट, म्हणजे ३० मीटर साखळी-दोर सोडा. तळ चिखलाचा आहे, डॅनफोर्थ नांगर छान रुततो. उलट बाजूही बघा: कण्याला १.२२ मीटर पाणी लागतं, तेव्हा ओहोटीला तेवढं उरेल ना? नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरचं झाड आणि मागचा खांब एका रेषेत धरा. दहा मिनिटांनी रेषा तीच असेल तरच जेवायला बसा.

दीड वाजता नांगर उचला, पण त्याआधीच शीड आखडून घ्या, म्हणजे रीफ करा. वारा वाढल्यावर रीफ करणं म्हणजे हलत्या डेकवर दोन्ही हात कामात. नांगरावर ते पाच मिनिटांचं काम आहे. वारा कमी निघाला तर सोडायला कितीसा वेळ लागतो?

लाइफ जॅकेट सगळ्यांनी अंगात घालायचं, पट्टा आवळून. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनलवर ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३, हे दोन्ही केबिनच्या दारावर रंगाने लिहून ठेवा. आणि किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतीची वेळ सांगून निघा. मी माझ्या बहिणीला सांगते, पोहोचले की पहिला फोन तिलाच.

बोया सूर्यास्ताच्या तासभर आधी हाती यायला हवा. जवळ येताना शेजारच्या बोटींची तोंडं कुठे आहेत ते बघा, त्याच दिशेने या, म्हणजे पाणीच तुमचा वेग मारतं. हुकला तर ओढाताण न करता एक फेरी मारून परत या. दोर क्लीटला, म्हणजे डेकवरच्या दोर अडकवायच्या खुंटीला, बांधला, दुसरा जोडीला बांधला, की शिडांवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवा आणि वहीत तिथी, वारा, वेळ लिहून मगच होडीत उतरा.