रात्रपाळीआधी कॅज्युअल्टीत काय बघून ठेवायचं

कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, डॉक्टर-नर्सवर हात उगारला जाऊ नये म्हणून ही तयारी. चार्ज घेताना इमर्जन्सी ट्रॉली तपासतो, तसं गेटही तपासा. पेशंटमागे दोनच नातेवाईक हा पासचा नियम कागदावर असतोच; आज रात्री गेटवर कोण आहे ते नावानिशी विचारा. मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण होऊन डोळ्याला गंभीर इजा झाली, राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले, तेव्हा कुठे सरकारी रुग्णालयांत महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान दिसू लागले. ते ओपीडीच्या दाराशी बसले असतील तर रात्री उपयोग शून्य.

मोकळे सलाईन स्टँड, रिकामे सिलिंडर, कात्र्या नातेवाइकांच्या हाताशी नकोत. डॉक्टरची खुर्ची दाराजवळ ठेवा. पोलीस चौकीचा नंबर काचेखाली, 112 तोंडपाठ.

खरी तयारी मात्र बोलण्याची. पोट धरून बसलेल्याला मागे ठेवून नंतर आलेला हार्ट अटॅक आधी घेतला, तर तो का घेतला हे बाहेर कुणी सांगतच नाही. त्यासाठी पाळीतला एक माणूस ठरवून टाका. "काका, मुलाला एक्स-रेला नेतोय, अर्ध्या तासात मी येऊन सांगते," एवढं पुरतं. पण अर्ध्या तासात जायचं, रिपोर्ट आला नसला तरी. मृत्यूची बातमी कॉरिडॉरमध्ये, स्ट्रेचरशेजारी उभ्यानं देऊ नका. बाजूची खोली आधीच मोकळी ठेवा, जवळच्या दोघांना बसवा, सोबत सिस्टर आणि दार उघडं. "प्रयत्न चालू आहेत" म्हणत वेळ काढू नका, "ते गेले" असंच सांगा. पोस्टमॉर्टेमचा विषय लगेच त्याच वाक्यात नको.

शिवीगाळ करणारा पेशंट दारूच प्यायलाय असं धरून चालू नका. ग्लुकोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटर चालू हवेत. साखर उतरलेला किंवा डोक्याला मार लागलेला माणूसही असाच अंगावर येतो.

भिंतीवर डॉक्टर-रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या राज्याच्या 2010 च्या कायद्याचा बोर्ड आहे: अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीची दुप्पट भरपाई. चिडलेला माणूस बोर्ड वाचत नाही. तो कायदा आपल्याला कामाचा, तोही तक्रार झाली तर. ऑगस्ट 2024 च्या केंद्राच्या आदेशानुसार सहा तासांत तक्रार देणं संस्थाप्रमुखाचं काम आहे. म्हणून रात्री कुणाला उठवायचं आणि सीसीटीव्हीचं फुटेज कोण काढून ठेवणार, हे आधीच ठरलेलं असू द्या. मार खाल्लेल्याची एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) त्याच रात्री करा, आणि उरलेली पाळी दुसऱ्याला द्या.