भिंतीत पाइप की भिंतीवर पट्टी: गावातल्या घराची वायरिंग

विदर्भातल्या गावात एकाच घराला दोन-तीन तऱ्हेच्या भिंती असतात. पुढे विटा-सिमेंटची स्लॅबची खोली, मागे मातीचं कवेलूचं जुनं घर, बाजूला टिनाचा गोठा. फिटिंग करणारा मात्र बहुतेक वेळा सगळीकडे एकच पद्धत लावतो. 'अंडरग्राउंड फिटिंग', म्हणजे भिंतीत दडवलेली वायर, दिसायला चांगली, म्हणून मातीच्या भिंतीतही चर पडतो, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. वायर दडवायची की उघडी ठेवायची हे भिंत पाहूनच ठरवा. घरगुती वायरिंगसाठी आपल्याकडचं मानक आयएस ७३२ आहे, आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं.

मातीच्या भिंतीत वायर दडवू नका. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायव्याची भिंत तिच्यासोबत हलते, पाइपचा जोड सुटतो आणि त्या फटीतून ओल थेट तारेपर्यंत जाते. उंदीर आणि उधईचं बीळ कुठवर पोचलं हेही बाहेरून कळत नाही. इथे पीव्हीसी केसिंग-पट्टी (तार झाकणारी झाकणाची पट्टी) किंवा कडक पीव्हीसी पाइप भिंतीवरूनच न्या. मातीत स्क्रू धरत नाही, म्हणून शक्य तितकी लाइन लाकडी खांब आणि तुळयांवरून घ्या. भिंतीवर न्यावीच लागली तर आधी लाकडी पट्टी पक्की बसवा आणि तिच्यावर सॅडल, म्हणजे पाइप धरून ठेवणारी पकड, मारा. दोन सॅडलमध्ये ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि बेंडच्या (वळणाच्या), कपलरच्या (जोडाच्या) दोन्ही बाजूंना जवळच एकेक हवं. ३ मीटरच्या पाइपला पाच-सहा सॅडल लागतात. दोनच लावले तर मे महिन्यात पाइप झोळ देतो आणि जोडातून निघतो.

जमिनीपासून दीड मीटरपर्यंतची वायर कधीही नुसती सोडू नका. बाज सरकते, पोतं घासतं, फावडं टेकतं. तेवढा भाग पट्टीत नको, कडक पाइपमध्येच घ्या. भिंत ओलांडतानाही छिद्रात पाइपचा तुकडा घाला आणि बाहेरच्या तोंडाला खाली उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही.

टिनाखाली जास्त जपावं लागतं. तारेची क्षमता साधारण ४० अंशांच्या हवेसाठी दिलेली असते. अकोला, चंद्रपूरकडे बाहेरच ४५ अंश होतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. पत्र्याला चिकटवून लाइन नेली की पीव्हीसी लवकर कडक होतं आणि तडकतं. वीतभर खालून न्या, आणि लोड मोठा असेल तर तार एक नंबर जाड घ्या.

कापसाच्या घरात तर वायर आणि बोर्ड अगदी कटाक्षाने जपा. पहिल्या वेच्यापासून कापूस खोलीत रचला जातो आणि ढीग बोर्डापर्यंत चढतो. ढिगात दबलेल्या तारेची उष्णता बाहेर पडत नाही, आणि सैल पिनची एक ठिणगी पुरते. ज्या खोलीत कापूस भरणार तिथे बोर्ड दाराबाहेर लावा, आत फक्त छताजवळ बंद आवरणातला बल्ब ठेवा, प्लग ठेवूच नका.

विटांच्या भिंतीत दडवलेली वायरिंग चांगली टिकते, पण पाइपमधूनच. सुटी तार थेट प्लास्टरमध्ये गाडू नका. तिच्यावर दुसरं आवरण नसतं, खिळा लागला तर कळत नाही आणि ती बदलायची तर अख्खी भिंत फोडावी लागते. स्लॅबमधले पाइप आणि फॅन बॉक्स ढलाईच्या आधी सळईला बांधा, सगळी तोंडं बंद करा. एका उघड्या तोंडातून काँक्रीटचं पाणी शिरलं की ती लाइन कायमची गेली. भिंतीत चर कटरने काढा, छिन्नीने ठोकून नाही. चर बोर्डाच्या नेमका वर उभा किंवा सरळ आडवा. तिरपा चर कधीच नको, कारण पुढे खिळा ठोकणारा माणूस तार सरळ रेषेतच धरून चालतो. साडेचार इंची भिंतीत लांब आडवा चर टाळा, आणि दोन्ही बाजूंनी एकाच जागी कापू नका.

दोन बॉक्सच्या मधे दोनपेक्षा जास्त काटकोनी बेंड आले तर तार ओढताना सोलते. २० मिमी पाइपात दीड स्क्वेअर मिमीच्या पाच तारांवर थांबा. जोड पाइपात नाही, फक्त बॉक्समध्ये, आणि तोही कनेक्टरने. प्लास्टर पूर्ण वाळल्यावरच तारा ओढा. प्लास्टरच्या आधी भिंतीला मोजायचा टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तारा आयएस ६९४ मानकाच्या, तांब्याच्या. दिवे-पंख्यांना दीड, १६ अँपियर प्लगला अडीच स्क्वेअर मिमी. दिव्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट ही मर्यादा, पॉवर सर्किटवर १६ अँपियरचे दोनच प्लग. न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. अर्थिंगच्या तारेला न्यूट्रल म्हणून वापरण्याची गावठी युक्ती जीवघेणी आहे: ती तार तुटली की कूलरच्या पत्र्यावर करंट येतो.

घरापासून गोठ्यापर्यंत लाइन जमिनीतून न्यायची तर आर्मर्ड केबल (लोखंडी कवचाची) ७५ सेंटिमीटर खोल पुरा, वर वाळू, त्यावर विटा. भेगाळणाऱ्या मातीत केबल ताणून नको, थोडी नागमोडी टाका.

काम झाल्यावर दिवे-उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेचं आवरण करंट गळू देतं का हे मोजणारं यंत्र) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपासा. १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर सप्लाय जोडू नका, एकेक सर्किट सुटं करून दोष शोधा. मेनला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवा आणि सप्लाय सुरू झाल्यावर पहिल्यांदा त्याचं टेस्ट बटण दाबून पाहा.