हायस्कूल ते कॉलेज: अमेरिकेत बास्केटबॉल कोच व्हायचं तर

अमेरिकेतल्या हायस्कूलचा बास्केटबॉल कोच बहुतेक वेळा आधी शिक्षक असतो आणि मग कोच. कोचिंगचं मानधन पगाराच्या वर, हंगामापुरतं मिळतं. त्यावर घर चालत नाही. म्हणून या वाटेवरचं पहिलं काम जिममधलं नाही. राज्याचा शिक्षक परवाना मिळवा, आणि तो शक्यतो अशा विषयाचा, ज्याला शिक्षक सहज मिळत नाहीत. शारीरिक शिक्षण आणि सामाजिक शास्त्रं या जागांवर कोच होऊ पाहणाऱ्यांची आधीच झुंबड असते. गणित किंवा विज्ञान शिकवणारा उमेदवार मुख्याध्यापकांना जास्त हवासा असतो. पुढे यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाला १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे जॉन वुडन साउथ बेंड सेंट्रल हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. प्रथमोपचार, सीपीआर आणि डोक्याला मार लागल्यास काय करायचं याचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी लागतंच. बाकीच्या अटी राज्यागणिक बदलतात, त्या राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेकडून लेखी मागवून घ्या.

सुरुवात थेट मुख्य संघापासून, म्हणजे व्हर्सिटीपासून, होण्याची अपेक्षा धरू नका. नववीचा संघ, मग ज्युनियर व्हर्सिटी, मग व्हर्सिटी, अशी चढण असते. खालच्या संघात असताना स्वतःची चतुर पद्धत राबवायचा मोह टाळा. मुख्य कोच ज्या बचावाला जे नाव देतो, तेच नाव खालीही वापरा. नाहीतर मुलं वर गेली की निम्मा हंगाम नवी नावं पाठ करण्यात जातो आणि त्याचं खापर तुमच्यावर फुटतं.

सरावाचा कागद

कोच म्हणून तुमची खरी कमाई म्हणजे सरावाचे कागद. वुडन आपल्या सहायकांबरोबर रोज सरावाच्या आखणीत तासन्‌तास घालवायचे आणि मिनिटांचा हिशेब छोट्या कार्डांवर लिहून कोर्टवर न्यायचे. १२ खेळाडूंच्या हायस्कूल संघासाठी १२० मिनिटांचा एक चालणारा आराखडा असा:

- १० मिनिटं: पास, पिव्होट (एक पाय रोवून वळणं) आणि थांबणं यांतूनच अंग गरम करणं
- १५ मिनिटं: ड्रिबल आणि दोन्ही हातांनी रिंगजवळचा शॉट
- २० मिनिटं: बचाव, आधी एकास एक, मग चारास चार
- १० मिनिटं: रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू पकडणं
- १५ मिनिटं: वेगवान चढाई, तिघांविरुद्ध दोघे आणि दोघांविरुद्ध एक
- ५ मिनिटं: फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट
- २५ मिनिटं: अर्ध्या कोर्टवरचं आक्रमण
- १० मिनिटं: शेवटच्या मिनिटातले प्रसंग, बाजूरेषेवरून आत टाकायचे चेंडू
- १० मिनिटं: गुण मोजून पाचास पाच

फ्री थ्रो मुद्दाम वेगवान चढाईनंतर ठेवले आहेत. धाप लागलेली असताना, एका वेळी दोनच टाकायचे आणि जागा सोडायची. आरामात सलग ५० टाकून मिळालेली टक्केवारी सामन्यात उपयोगाची नसते, कारण तिथे कोणालाच सलग ५० मिळत नाहीत.

नवे कोच सगळ्यात जास्त वेळ दोन गोष्टींत घालवतात: रांगा आणि भाषणं. एका बास्केटसमोर १२ जणांची रांग लावली तर प्रत्येकजण बहुतेक वेळ उभाच असतो. जिममध्ये सहा बास्केट असतील तर प्रत्येकी दोघांना लावा. भाषणाचं औषध वुडन यांच्याकडेच आहे. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे सराव बसून मोजले. त्यांच्या बोलण्यातला बहुतांश भाग होता तो थेट सूचनांचा: काय करायचं आणि कसं. कौतुक थोडं, रागावणं थोडं. चूक सुधारताना ते आधी बरोबर कृती करून दाखवायचे, मग खेळाडूने केलेली चूक, मग लगेच पुन्हा बरोबर कृती. सगळं काही सेकंदांत. ही सवय अंगी लागायला वेळ लागतो, पण तिच्याइतकी फायद्याची दुसरी सवय या धंद्यात नाही.

चारास चार बचावाचा सराव, ज्याला सगळे शेल ड्रिल म्हणतात, तो नीट घेतला की अर्धा बचाव बसतो. चार आक्रमक तीन गुणांच्या रेषेभोवती, चार बचावपटू आत. पहिली पाच मिनिटं शॉटला परवानगी नाही, फक्त चेंडू फिरवायचा. चेंडूवाल्याचा बचावपटू दाब देतो, एका पासच्या अंतरावरचा पासच्या वाटेत हात घालतो, दोन पास दूर असलेला एक पाय पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, ठेवतो. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे चेंडू पोहोचल्यावर हलणं. चेंडू हवेत असतानाच चौघांनी जागा बदललेली हवी. दुसरी चूक, फक्त चेंडूकडे बघणं: मग आपला माणूस पाठीमागून रिंगकडे निसटतो आणि कळतसुद्धा नाही. उपाय अगदी बाळबोध आहे, पण तोच चालतो: एक हात चेंडूकडे, दुसरा आपल्या माणसाकडे दाखवायला लावा. बोटं दोन्हीकडे रोखायची म्हटलं की नजर आपोआप मधे येते. धावत जाऊन शॉट अडवताना शेवटची दोन-तीन पावलं छोटी, एक हात वर आणि वजन मागे. खेळाडू ताठ उभा पोहोचला तर समोरचा एका ड्रिबलमध्ये त्याला मागे टाकतो.

निवड, पालक, आकडे

निवडचाचणी तीन दिवसांची ठेवा आणि निकष आधीच लिहून द्या. ज्यांना घेणार नाही त्यांना समोर बसवून सांगा. दारावर यादी चिकटवून मोकळे होऊ नका. पालकांची बैठक पहिल्या सामन्याआधी घ्या आणि तिथेच नियम सांगून टाका: सामन्याच्या रात्री चर्चा नाही, २४ तासांनंतर भेटू, आणि बोलणं फक्त तुमच्या मुलाबद्दल, दुसऱ्याच्या मिनिटांबद्दल नाही. हायस्कूलचे बरेच कोच हरण्यामुळे कमी आणि पालकांमुळे जास्त जातात.

आकड्यांमध्ये गुणांपेक्षा संधी मोजा. टाकलेले शॉट, वजा आपल्या आक्रमणातले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले चेंडू), अधिक फ्री थ्रोंच्या ०.४७५ पट: एवढं केलं की संघाला किती संधी मिळाल्या ते निघतं. गुण भागिले संधी, तुमचे आणि समोरच्यांचे, आणि टर्नओव्हर भागिले संधी. दर पाच संधींत एक चेंडू फुकट जात असेल तर नवा डाव शिकवू नका, पासवर काम करा.

प्रतिस्पर्ध्याची तयारी म्हणजे त्याची चित्रफीत खेळाडूंना दाखवणं एवढंच नव्हे; त्याची अडचण सरावात उभी करावी लागते. १९६५ मध्ये डीमॅथा हायस्कूलला न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियलशी खेळायचं होतं. त्यांच्याकडे लू अल्सिंडर होता, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने गाजला, आणि ७१ विजयांची साखळी. डीमॅथाचे कोच मॉर्गन वूटन यांनी सरावात बचावपटूच्या हातात टेनिसची रॅकेट दिली, म्हणजे शॉट त्या उंचीवरून काढायची सवय व्हावी. डीमॅथा ४६-४३ ने जिंकलं.

कॉलेजकडे जाताना

उडी कशी मारायची याचे रस्ते एकापेक्षा जास्त आहेत. जॉन चेनी फिलाडेल्फियातल्या हायस्कूलमधून चेनी स्टेट या छोट्या कॉलेजात गेले, १९७८ मध्ये डिव्हिजन दोनचं (कॉलेज खेळाच्या तीन पातळ्यांतली दुसरी) विजेतेपद घेतलं आणि १९८२ मध्ये टेंपल विद्यापीठात पोहोचले. जेरी टार्कॅनियन हायस्कूलनंतर दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांतून वर आले. गॅरी विल्यम्स यांनी कॅम्डेनच्या हायस्कूलला अपराजित राहून राज्यविजेतेपद मिळवून दिलं आणि मग कॉलेजात सहायकाची खुर्ची घेतली. २००२ मध्ये ते मेरीलंड विद्यापीठाबरोबर राष्ट्रीय विजेते झाले. डॅन हर्ली न्यूआर्कच्या सेंट बेनेडिक्ट्स शाळेतून थेट वॅग्नर कॉलेजचे मुख्य कोच झाले आणि यूकॉनबरोबर (कनेक्टिकट विद्यापीठ) २०२३ व २०२४ ची विजेतेपदं घेतली. तरीही हायस्कूलच्या मुख्य कोचने थेट मोठ्या कॉलेजचं मुख्यपद मिळेल असं धरून चालू नये. सहायकाचं पद, ज्युनियर कॉलेज किंवा डिव्हिजन तीन, जिथे क्रीडा शिष्यवृत्ती नसते, हे जास्त शक्य आहे. ओळखी उन्हाळी शिबिरांत आणि फायनल फोरच्या (राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या) वेळी भरणाऱ्या कोचच्या अधिवेशनात होतात. तिथे जाताना जिंकलेल्या सामन्यांची यादी कशाला? एका आठवड्याचे सरावाचे कागद आणि एक बचाव शिकवण्याची पद्धत न्या.

काम मात्र बदलतं. हायस्कूलला जी मुलं दारात येतात त्यांना घडवायचं असतं. कॉलेजात कोण यायचं हे तुम्ही ठरवता, आणि बराचसा वेळ त्यातच जातो. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजन एकमध्ये हंगामात सरावाला आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास ही मर्यादा आहे, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी द्यावी लागते. खेळही वेगळा: हायस्कूलचा सामना ८ मिनिटांच्या चार भागांचा. कॉलेजात पुरुषांचा २० मिनिटांच्या दोन भागांचा, महिलांचा २०१५-१६ पासून १० मिनिटांच्या चार भागांचा, आणि दोन्हीकडे ३० सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट घ्यायलाच हवा. ज्या राज्यांत हायस्कूलला शॉट क्लॉक नाही, तिथून आलेल्या कोचचा आक्रमणाचा पहिलाच डाव बहुधा फार लांब असतो. २० सेकंद उलटूनही शॉट दिसत नसेल तर तो कापा.

खेळाडू भरतीचे नियम वर्षाच्या काळानुसार बदलतात: कधी भेटता येतं, कधी फक्त बघता येतं, कधी काहीच नाही. नवख्यांचे बरेच गुन्हे हे अज्ञानाचे असतात. खेळाडूच्या जेवणाचं बिल देण्याआधीसुद्धा कॉलेजच्या नियमपालन कार्यालयाला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. २०२४ पासून, अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बसून राहावं लागत नाही, त्यामुळे संघ दर वसंतात नव्याने जमवावा लागतो. चार वर्षांत मुरणारी क्लिष्ट पद्धत आता परवडत नाही. सहा-सात डाव, दोन बचाव, आणि तेच नीट.

जायचंच नसेल तर तेही पूर्ण करिअर आहे. वूटन १९५६ ते २००२ डीमॅथालाच राहिले आणि १,२७४ सामने जिंकले. डॅन यांचे वडील बॉब हर्ली जर्सी सिटीच्या सेंट अँथनीला ती शाळा २०१७ मध्ये बंद होईपर्यंत होते. कॉलेजात एकही हंगाम कोचिंग न करता दोघेही बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेले.

जाणार असाल तर करार वकिलाकडून वाचून घ्या. मुदतीआधी काढलं तर कॉलेज किती देणार आणि तुम्ही सोडलं तर तुम्ही किती भरणार, ही दोन वेगळी कलमं असतात. दुसरं बरेचजण वाचतच नाहीत. सहायकांचे करार तुमच्याइतक्या मुदतीचे आहेत का तेही बघा. वुडन यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद यूसीएलएतल्या १६ व्या हंगामात आलं. आज एवढी वाट कुठलंही मोठं कॉलेज बघणार नाही, म्हणून सही करण्याआधी किमान चार हंगामांची हमी मागा.