हृदयातल्या मायट्रल झडपेजवळची कॅल्शियमची गाठ: या चुका टाळा

इको (हृदयाची सोनोग्राफी) शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो: गाठ दिसली की लगेच नाव देऊ नका. ती कुठे चिकटली आहे, ते आधी लिहा.

काटोलकडच्या ७४ वर्षांच्या एक आजी नागपूरला माझ्याकडे आल्या. हातातल्या रिपोर्टवर ‘मिक्सोमा, तातडीने ऑपरेशन’; मिक्सोमा म्हणजे हृदयातला ट्यूमर. मुलानं पैशांसाठी संत्र्याचा आंबिया बहार झाडावरच, पडत्या भावात व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. मिक्सोमा बहुतेकदा दोन कर्णिकांमधल्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या) पडद्याला देठानं लटकतो. ही गाठ मात्र मायट्रल झडपेच्या मागच्या कड्यात रुतून बसली होती. गेन (चित्राचा उजळपणा) उतरवला तशी कड पांढरीशुभ्र आणि मधला भाग काळसर दिसू लागला. गेन चढवून ठेवला की तो मधला भाग भरून जातो, आणि सगळा घट्ट ट्यूमर वाटतो. कॉन्ट्रास्टशिवाय साधा सीटी केला. कॅल्शियमचं कवच स्पष्ट होतं. याला केसियस कॅल्सिफिकेशन म्हणतात, आत टूथपेस्टसारखा लगदा असतो. आजींची झडप नीट चालत होती, त्यामुळे ऑपरेशन टळलं. बहार मात्र हातचा गेला. रांग लांब आहे म्हणून दोन मिनिटांत इको आटपून प्रोब उचलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, तो यासाठी.

ताप असेल तर उलट सावध राहा, गळू असू शकतं. पण अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का, ही तपासणी) घ्या, वेगवेगळ्या जागांहून तीन. आधी औषध आणि मग कल्चर, हा शॉर्टकट मी माझ्या वॉर्डात चालू देत नाही.

जुना इको मागवा. पिशवीत असतोच, कोणी विचारत नाही.

डायलिसिसवरच्या रुग्णात गाठ हलती असेल तर कॅल्सिफाइड अमॉर्फस ट्यूमर (कॅल्शियम साचलेली गाठ) आठवा. हे नाव १९९७ मध्ये आलं. हा खरा ट्यूमर नाही, पण तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो, म्हणून सर्जनशी लवकर बोला.

आणि ‘साधं कॅल्शियम आहे, घरी जा’ म्हणून विषय संपवू नका. मी सहा महिन्यांनी इको करतो, मग दरवर्षी. झडप अडली, जास्त गळू लागली, तुकडा सुटला किंवा निदानच ठरेना, तरच ऑपरेशनचा विषय काढतो.