दयानंद योजनेच्या पैशांतून घरी मदतनीस कसा नेमावा

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची रक्कम ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग व्यक्तींच्या नावे दरमहा बँकेत जमा होते आणि बऱ्याच घरांत ती वीजबिल, गॅस आणि किराणा यांत विरून जाते. पैसे कशावर खर्च करावेत याचा हिशेब कोणी मागत नाही, त्यामुळे यात गैर काही नाही. परंतु घरात अंथरुणाला खिळलेली किंवा उठण्याबसण्यापासून आंघोळीपर्यंत दुसऱ्याच्या आधारावर असलेली व्यक्ती असेल, तर ही रक्कम तिच्या नावावर आणि तिच्या गरजेपोटी येते हे लक्षात ठेवून, तिच्यातून मदतीचे तास विकत घेण्याचा विचार आधी करावा.

इंग्लंडमध्ये 2014 च्या केअर ॲक्टनुसार स्थानिक पालिका प्रथम व्यक्तीच्या गरजेचे मूल्यमापन करते, त्यावरून रक्कम ठरवते, आणि मागणी केल्यास ती थेट त्या व्यक्तीच्या हाती देते, म्हणजे मदतनीस तिला स्वतः नेमता येतो. तेथील स्विंडनमध्ये नातेवाईक असलेल्या गोवेकरांच्या कानावर ही पद्धत आली असेल. आपल्याकडे मात्र रक्कम आधीच ठरलेली असते आणि गरज मोजण्याचे काम घरच्यांवर येते. ज्येष्ठ नागरिकाला दरमहा 2,000 रुपये मिळतात, तर 90 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला 3,500 रुपये.

अर्ज समाजकल्याण खात्याकडे करावा लागतो. ओळखपत्र, गोव्यातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, बँकेचे तपशील आणि दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत वैद्यकीय प्रमाणपत्र ही कागदपत्रे लागतात. या प्रमाणपत्रासाठी आणि युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी केल्यावर सरकारी इस्पितळात तपासणी होते. कार्डाचा रंग टक्केवारीनुसार बदलतो: 40 टक्क्यांखाली पांढरा, 40 ते 80 च्या दरम्यान पिवळा आणि 80 च्या पुढे निळा. निळे कार्ड हातात आले म्हणजे 3,500 रुपये मिळणारच असे अनेक जण गृहीत धरतात. ते बरोबर नाही, कारण 80 आणि 90 यांच्या मधली व्यक्ती निळ्या कार्डाची असूनही त्या रकमेच्या मर्यादेबाहेर राहते.

टक्केवारी शरीराची हानी सांगते, दिवसभरात किती वेळ दुसरे माणूस लागते हे सांगत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 38 मध्ये याचा विचार केलेला आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या ज्या व्यक्तीला आपल्याला अधिक आधाराची गरज आहे असे वाटते, ती स्वतः, किंवा तिच्या वतीने दुसरे कोणीही, लेखी अर्ज करू शकते आणि तो अर्ज मूल्यमापन मंडळापुढे ठेवला जातो. कलम 24 मध्ये अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्ज कोठे द्यायचा याची चौकशी राज्य दिव्यांगजन आयुक्तांच्या कार्यालयात करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये.

या अर्जासाठी, आणि मदतनीस नेमण्यासाठीही, एक आठवडाभर साधी नोंद ठेवावी. सकाळी उठवणे, शौचास नेणे, आंघोळ, कपडे, जेवण भरवणे, औषधे, दर दोन तासांनी कूस बदलणे, रात्री किती वेळा उठावे लागले, आणि यांपैकी प्रत्येक काम कोणी केले, हे सर्व वेळेसह लिहावे. शेवटचा रकाना बहुधा डोळे उघडणारा असतो, कारण त्यात एकाच बाईचे नाव पुन्हा पुन्हा येते, आणि ती बहुतेक वेळा सून, पत्नी किंवा मुलगी असते.

आता रकमेकडे वळू. समजा, आपल्या भागात तासाला 100 रुपये घेणारी मदतनीस मिळाली, तर 3,500 रुपयांत महिन्याला 35 तास मिळतात, म्हणजे दिवसाला जेमतेम एक तास. यावर दिवसभराची बाई ठेवता येणार नाही, म्हणून तो एक तास कोठे लावायचा हा खरा निर्णय आहे. माझ्या मते तो सकाळच्या कामासाठी लावावा, कारण आंघोळ आणि शौच यांत उचलण्याचे श्रम सर्वांत जास्त असतात आणि एकट्या माणसाने ते रोज केले की पाठ धरते. काही घरांत मात्र रोजच्या तासापेक्षा आठवड्यातून दोनदा चार-चार तास घेणे सोयीचे ठरते, कारण तेवढ्या वेळात देखभाल करणारी व्यक्ती बाजारात, देवळात किंवा स्वतःच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ शकते. आजारी व्यक्तीला बोलता येत असेल, तर हा निर्णय तिला विचारूनच घ्यावा. आपल्याला आंघोळ कोणी घालावी हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. कमोडची खुर्ची, पलंगाला कठडा, दाराशी उतार आणि हवेची गादी यांमुळेही काही तास वाचतात, तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांची रक्कम त्यांवर घालणे वावगे ठरत नाही.

घरातीलच सून हे काम करत असेल आणि बाहेरची नोकरी तिने त्यासाठी सोडली असेल, तर रकमेचा काही भाग तिला उघडपणे द्यावा. इंग्लंडमध्ये एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला पालिकेच्या पैशांतून मोबदला देण्यावर बंधने आहेत. आपल्याकडे तशी आडकाठी नाही.

बाहेरची व्यक्ती नेमताना तोंडी बोलीवर थांबू नये. कामाची यादी, वेळ, पगाराची तारीख, आठवड्याची सुटी, खाड्याचे पैसे कापायचे की नाही, उचल किती द्यायची आणि काम सोडायचे असल्यास किती दिवस आधी सांगायचे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ओळखीच्या कागदांची प्रत घ्यावी, आणि ती घरातच राहणार असेल तर पोलीस ठाण्यात पडताळणी करून घ्यावी. पगार बँकेतून द्यावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता 20 रुपये आहे आणि त्यात 2 लाख रुपयांचे अपघाती विमासंरक्षण मिळते. मदतनिसाचा हा हप्ता तिला कामावर ठेवणाऱ्याने स्वतःहून भरावा. मदतनीस सावंतवाडीकडची असो वा सत्तरी तालुक्यातली, चवथीला ती आपल्या घरी जाणारच, तेव्हा त्या दिवसांची सोय जुलैमध्येच ठरवावी.

पैसे काढताना अडचणी येतात. व्यक्तीला सही करता येत नसेल, तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर, ज्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, घेऊन पैसे देता येतात; रिझर्व्ह बँकेच्या सूचना तशाच आहेत. 70 वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याबाबतही तिने बँकांना सांगितले आहे, मात्र शाखेत त्याची मागणी लेखी केलेली बरी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते आणि बँका ते स्वीकारू शकतात. याच चार प्रकारांसाठी निरामय विमा योजनाही आहे. तिच्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळतो आणि थेरपीचाही त्यात समावेश असतो. वार्धक्यातील स्मृतिभ्रंश या कायद्यात येत नाही, म्हणून तेथे समज शाबूत असतानाच खाते संयुक्त करणे आणि नामनिर्देशन भरणे उरकून घ्यावे.

दयानंद योजनेसाठी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो आणि तो चुकला की रक्कम थांबते, म्हणून दाखल्याची पोच, पगाराची नोंद आणि मदतनिसाशी झालेला कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत. लाभार्थ्याचे निधन झाल्यास समाजकल्याण खात्याला लगेच कळवावे, कारण नंतर जमा झालेली रक्कम परत करावी लागते. आणि मदतनिसाला कागदावर ठरलेल्या मुदतीचा पगार देऊनच मोकळे करावे.