समुद्रपक्षी गच्चीवर येऊन पडला तर

जून ते सप्टेंबरमध्ये सोसायटीच्या गच्चीवर, पोडियम पार्किंगमध्ये किंवा नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या कडेला अनोळखी, दमलेला, समुद्रावरचा वाटणारा पक्षी दिसला, तर तो ‘सीगल’ असण्याची शक्यता फार कमी. ठाणे खाडीतले कुरव, म्हणजेच सीगल, हिवाळी पाहुणे, उन्हाळ्यात ते निघून जातात. भर पावसात येऊन पडतात ते भरसमुद्रातले पक्षी: मास्क्ड बूबी, शिअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल, नॉडी, सूटी आणि ब्रायडल्ड सुरय. सलग जोराच्या वाऱ्यात त्यांना नीट मासे पकडता येत नाहीत, अंगातली चरबी संपते आणि वारा त्यांना किनाऱ्यावर लोटतो. म्हणजे पक्षी तुमच्यापर्यंत पोचतो तोच उपाशी, तहानलेला आणि बहुतेक वेळा भिजलेला. त्याला पहिल्या दोन तासांत मासे नकोत, समुद्रही नको. हवा तो कोरडा अंधार आणि शांतता.

आधी कुत्री-कावळे हाकला, माणसांची गर्दी पांगवा आणि लांबून पाच मिनिटं बघा. तो नेमका कोण हे कळलं तर उत्तमच, कारण हाताळणी त्यावर बदलते.

बूबी मोठा, जवळजवळ पाऊण मीटर लांब. चोच भाल्यासारखी, कडा करवती, आणि तो नेम धरतो थेट डोळ्यांवर. चष्मा किंवा गॉगल घाला. मागून जाऊन जाड टॉवेल डोक्यासकट अंगावर टाका, पंख अंगाशी मिटवा, एका हाताने मानेच्या वर, डोक्याच्या मागे धरा आणि पक्षी कंबरेच्या उंचीवर ठेवा. चोचीला रबरबँड किंवा चिकटपट्टी मात्र कधीही लावू नका. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो चोचीच्या कोपऱ्यांतून श्वास घेतो. चोच बांधली की गुदमरलाच. ही चूक अगदी चांगल्या हेतूने होते, म्हणून ठासून सांगायला हवं.

शिअरवॉटर आणि पेट्रेल पोटावर सरपटतात. लोकांना वाटतं पाय मोडला. तसं नसतं: त्यांचे पाय शरीराच्या फार मागे असतात, ते पोहण्यासाठी आहेत, चालण्यासाठी नाहीत. सपाट गच्चीवरून त्यांना उडताही येत नाही. छेडलं तर उग्र वासाचं तेलकट पाणी तोंडातून बाहेर टाकतात. त्यातली ताकद वाया जाते, म्हणून कमीत कमी हात लावा. हे पक्षी रात्री दिव्यांकडेही ओढले जातात. एक पडला असेल तर त्या रात्री गच्चीवरचे फ्लडलाइट बंद ठेवा.

मोठ्या पक्ष्याला मायक्रोवेव्हचा खोका किंवा त्याहून मोठा लागतो, पेट्रेलला चपलांचा खोका पुरतो. बाजूंना पेन्सिलच्या जाडीची दहा-बारा भोकं पाडा. लोखंडी पिंजरा नको, पिसं मोडतात. तळाला वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात. जुना टॉवेल अंथरा आणि दुसऱ्या टॉवेलची चुंबळ करून त्यावर पक्षी बसवा. हे पक्षी पाण्यावर किंवा हवेत राहणारे; कडक जमिनीवर तासन् तास बसले की छातीच्या हाडावर जखमा होतात आणि विष्ठेने पोटाची पिसं बरबटून त्यांचा पाणी झटकण्याचा गुण जातो. पक्षी गार पडला असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, म्हणजे नको झाली तर त्याला बाजूला सरकता येईल. चोच उघडी टाकून धापा टाकू लागला की बाटली काढा.

पाव, भात, बोंबील, दूध काहीही भरवू नका. तहानलेल्या शरीराला मासा पचवायला पाणी लागतं, तेच नसतं. चोचीत पाणी तर मुळीच ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. ‘समुद्राचा पक्षी’ म्हणून मिठाचं पाणी देणं त्याहून वाईट. टबात पोहायला सोडणंही नको. भिजलेला पक्षी झपाट्याने गार पडतो.

पिसांना समुद्रातून वाहत येणाऱ्या डांबराच्या गोळ्यांचं काळं तेल लागलं असेल तरी भांड्यांचा साबण, रॉकेल यांना हात लावू नका. अशक्त पक्षी धुण्याच्या ताणानेच मरतो. धुणं नंतरचं, जाणकारांचं काम. गळ अडकला असेल तर ओढू नका. दोरी कापताना 15–20 सेंटिमीटर बाहेर ठेवा, तिच्याच आधाराने डॉक्टर गळ शोधतात.

खोका बंद करून लगेच वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा: फोटो, नेमकी जागा, वेळ, जखम दिसते का. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार पक्षी घरी ठेवता येत नाही, ‘दोन दिवस सांभाळून सोडू’ म्हणूनसुद्धा नाही. गाडीतून नेताना गाणी बंद, एसी मंद, खोका मांडीवर नको, पायाशी ठेवा. ऐरोली किंवा वाशीच्या खाडीत परस्पर सोडून देण्याचा मोहही टाळा. खाडीचा चिखल आणि कांदळवन हे फ्लेमिंगोंचं घर आहे, बूबीचं नाही. वजन भरून, पिसं पुन्हा पाणी झटकू लागल्यावर आणि वारा पडल्यावरच त्यांना सोडतात.

पक्षी मेला तरी काम संपत नाही. शिअरवॉटर वर्षाला एकच अंडं घालतो. बूबी दोन घातली तरी सहसा एकच पिल्लू वाढवतो. लाँगलाइनचे (मासेमारीच्या लांबलचक दोरीला लावलेले) गळ, पोटात जाणारं प्लास्टिक, विणीच्या बेटांवरचे उंदीर यांनी झालेली घट म्हणूनच लवकर भरून येत नाही, आणि भरसमुद्रात मेलेले कोणी मोजत नाही. किनाऱ्यावरचा मृत पक्षी ही हाती लागणारी थोडकी माहिती. मोजपट्टी शेजारी ठेवून चोच, पाय, पंखाची वरची व खालची बाजू यांचे फोटो घ्या. पायात वळं असेल तर त्यावरचा क्रमांक नीट टिपा आणि वनविभागाला व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. हातमोजे आणि मास्क हवेतच. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले तर बर्ड फ्लूची शंका धरा, काहीही न उचलता आधी फोन करा.