वरातीची गाडी ठरवताना

हॉल, गुरुजी, केटरर सगळं ठरलं की गाडीचं काम मामाच्या गळ्यात पडतं. माझ्याही पडलं होतं. भाचीच्या पाठवणीला दादरच्या हॉलखाली जी गाडी येऊन उभी राहिली ती फोटोतली नव्हतीच. रंग तोच, नंबरप्लेट मात्र पांढरी. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "साहेब, वाटेत कोणी अडवलं तर घरचीच गाडी आहे म्हणा." तेव्हापासून मी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीची चौकशी थोडी करतो आणि गाडीच्या नंबराची फार.

कंपनीचं काम दहा मिनिटांचं. ऑफिस खरंच आहे का ते पाहून यायचं, बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघायचं. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ने सुरू होतो. पण सीझनमध्ये यांच्याकडे स्वतःच्या गाड्या कमी आणि बाहेरून आणलेल्या जास्त, म्हणून इसार देतानाच "नंबर कोणता?" विचारा आणि तो व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. "आदल्या दिवशी कळवतो" म्हणाले तरी चालेल, मात्र गाडी बदलली तर नवा नंबर आधी कळवायचा आणि नाही पटली तर इसार परत, हेही त्यातच लिहून घ्या.

नंबर हातात आला की सरकारचं एमपरिवहन ॲप उघडा, त्यात नंबर टाकला की गाडीची नोंद दिसते. आधी वाहनाचा प्रकार बघा. भाड्याच्या गाडीपुढे 'मोटर कॅब' असतं. 'मोटर कार' दिसलं तर ती खासगी, मग ती कितीही चकचकीत असो. प्लेटही तेच सांगते: पिवळ्यावर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची, काळ्यावर पिवळी म्हणजे आपण स्वतः चालवायला घेतो ती. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर अक्षरं पिवळी हवीत, पांढरी नकोत. परमिट, म्हणजे भाडं नेण्याचा परवाना, नसताना भाडं मारलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड. तो भरेल मालक, पण शालू नेसून सायन सर्कलला ताटकळेल आपली मुलगी. आणि खासगी गाडीचा विमा भाड्याच्या फेरीसाठी नसतो, अपघात झालाच तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते.

त्याच स्क्रीनवर फिटनेस (गाडी चालवण्यालायक असल्याचा दाखला), विमा, पीयूसी यांच्या तारखा असतात. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, म्हणजे जुनी गाडी येणार असेल तर ही तारीख अगदी नीट बघा. परमिटचा कागद वेगळा मागवा. राज्याबाहेर, समजा सिल्वासाला वरात जाणार असेल, तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे ना तेही विचारा.

मधे कापून लांब केलेल्या लिमोझीनचा मोह पोरांना फार. कारखान्यात बनली त्यापेक्षा वेगळी केलेली गाडी चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. सांगाडा मधोमध कापून वेल्डिंग केलेल्या गाडीत मी तरी नवरा-नवरी बसवणार नाही. साधी लांब मर्सिडीज घ्या, फोटो तसेच येतात.

ड्रायव्हरचं लायसन्स डिजिलॉकरमध्ये दाखवलं तरी चालतं. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तो काल रात्री कुठे होता. पहाटे एअरपोर्ट, दुपारी शूटिंग, संध्याकाळी तुमची वरात, असं चालतं. कायद्याने दिवसाला आठ तास, पण मोजतंय कोण? सरळ विचारा, आणि पंगतीला त्याचं पान आधी वाढा.

गाडी दाराशी आली की मागच्या सीटवर स्वतः बसून बेल्ट लावून बघा. आमच्या त्या गाडीत पांढऱ्या साटीनच्या कव्हरखाली बकल पार गाडलं गेलं होतं. बोटं घालून उकरलं तर सापडलं, पण बेल्टची पट्टी आत बसेना. मुंबईत मागे बसणाऱ्यांनाही बेल्टची सक्ती नोव्हेंबर २०२२पासून आहे. टायरच्या खाचा, डिकीतली स्टेपनी, काचांवर काळी फिल्म नाही ना, हे उभ्या उभ्या होतं. सनरूफमधून नवरदेवाने बाहेर यायचं नाही, हे मित्रमंडळींना आधीच सांगून ठेवा.

आणि फुलवाल्याजवळ उभे राहा. तो निशिगंधाच्या माळा पहिल्यांदा नेमक्या नंबरप्लेटवरच सोडतो.